करंट काढलेलं पाणी

कर्जत-खालापुराकडच्या शाळांना मदत करणाऱ्यांचा तोटा नाही. पंधरा ऑगस्ट जवळ आला की वह्या, दप्तरं, छत्र्या यांचा नुसता पूर येतो, आणि वहीगणिक एक फोटो. एका पोराला तर एकाच वर्षी तीन दप्तरं मिळाली. दिवाळीपर्यंत तिन्हींच्या चेनी गेल्या आणि पोरगं पुन्हा आपलं पिशवीतून पुस्तकं न्यायला लागलं.

उल्हास सेवा क्लब म्हणजे काही आभाळातून पडलेली मंडळी नव्हेत. औषधांच्या दुकानवाल्या जयाताई, दोन डॉक्टर, एक वकील, चार निवृत्त माणसं. त्यांनीही फोटो काढले, नाही कशाला म्हणा? पण लांबून चालत येणाऱ्या पोरींना सायकली दिल्या, बाकं दिली, पाण्याच्या टाक्या बसवल्या. कामं चांगली होती. यंदा मात्र अध्यक्षपद आलं हरेशशेठकडे आणि सगळंच बिनसलं. हरेशशेठचं रंगाचं दुकान. माणसाला खोड एकच, 'का?' विचारायची. गिऱ्हाईक पिवळा रंग मागायला आलं तर म्हणायचे, "पिवळाच का?" गिऱ्हाईक बिचारं शेजारच्या दुकानात जायचं.

क्लबतर्फे दरवर्षी शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. दरवर्षी तोच ज्वालामुखी, तीच पुठ्ठ्याची पवनचक्की. बाप रात्र जागून बनवतो, पोरगं सकाळी उचलून आणतं. हरेशशेठ मीटिंगमध्ये म्हणाले, "यंदा ज्वालामुखी बंद. पोरांनी घरी जायचं, घरातलं वडीलधारं माणूस जे छातीठोक सांगतं त्यातली एक गोष्ट धरायची, आणि ती खरी की खोटी हे करून बघायचं. बक्षीस म्हणून कप नाही, सर्टिफिकेट नाही. ज्या पोराचा प्रश्न जिथे जाऊन थांबेल, तिथे क्लब त्याला घेऊन जाणार." वकील म्हणाले, फोटो कशाचा काढायचा मग? पण ठराव झाला. एकेका सदस्याने एकेक शाळा वाटून घेतली, आणि जयाताईंच्या वाट्याला आली भिवपुरीकडची शाळा.

त्या शाळेत नववीच्या वर्गात, खिडकीपाशी, ऋतिका ठोंबरे बसायची.

ऋतिकाचं घर पॉवरहाऊसच्या खालच्या अंगाला. डोंगरावरून उतरणारे ते भले मोठे पाइप बघतच पोर लहानाची मोठी झालेली. वरून पाणी येतं, आत जातं, आणि खालून पाटात बाहेर पडतं, एवढं सगळ्या गावाला दिसतं. पण आत त्याचं होतं काय? ते गेटाच्या पलीकडचं. तिचा बाप किरण एकदा ठेकेदाराच्या माणसांबरोबर सिमेंटच्या गोण्या घेऊन आत गेला होता. संध्याकाळी पोरीने त्याला पायसुद्धा धुऊ दिले नाहीत.

"बाबा, आत काय हाय?"

"मशीन हाय."

"कसली?"

"मोठी."

एवढंच! स्वर्गात जाऊन आलेल्या माणसाने 'मोठा होता' म्हणून सांगावं तशातली गत. ऋतिका त्या दिवशी रागाने रडली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, आपण आत जायचं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं.

त्यामुळे जयाताई वर्गात येऊन बक्षिसाचं सांगायला लागल्या तशी ही बाकावरून अर्धी उठलीच. "मॅडम, जिथे म्हणजे कुठेपण? पॉवरहाऊसच्या गेटच्या आत पण?"

"प्रश्न तिथला असेल तर तिथे. परवानगी आम्ही काढू," जयाताई म्हणाल्या.

प्रश्न शोधायला तिला लांब जावंच लागलं नाही. तो घरातच पदर खोचून बसला होता. तिची आजी विठाबाई. गावात कुणाचं वासरू कधी दगावेल इथपासून कुणाची सून कधी माहेरी पळेल इथपर्यंत विठाबाईला सगळं ठाऊक. 'मला ठाव नाय' हे शब्द त्या बाईच्या तोंडून कधी कुणी ऐकलेले नाहीत. आणि तिचं एक ठाम म्हणणं होतं, की पॉवरहाऊसमधून बाहेर पडतं त्या पाण्यात ताकद नसते.

"त्यातला करंट काढून घेतलाय ना! लोणी काढल्यावर ताकात काय राह्यतं गं?" असं ती म्हणायची.

"मग आपला उन्हाळी भात कशावर येतो, आजे? त्याच पाण्यावर ना?"

"तो खतावर येतो."

झालं! आजीपाशी उत्तर नाही असं व्हायचंच नाही.

ऋतिकाने तेलाचा पत्र्याचा डबा उभा कापून घेतला. दोन्ही भागांत शेतातली एकच माती, एकच भाताचं बियाणं, ओटीवर एकच ऊन. एका भागाला विहिरीचं पाणी, दुसऱ्याला पॉवरहाऊसच्या पाटाचं. मापाला चहाचा एकच पेला. शाळेतले विज्ञानाचे प्रीतम सर म्हणाले, "फरक फक्त पाण्याचा राहू दे. बाकी कशाचाच नको." हे वाक्य पोरीने मनात कोरून ठेवलं.

विठाबाईला आधी राग आला. "म्हंजे माझी परीक्षा घेतेस व्हय गं? घे! घे!" पण बियाणं तिनेच निवडून दिलं, आणि पेरताना हातही तिचाच पुढे. भाताचं काम दुसऱ्याने केलेलं तिला बघवत नाही.

थोड्या दिवसांनी दोन्ही डब्यांत हिरवे कोंब उभे राहिले, सारखेच तरारलेले. ऋतिका शाळेत जाताना बघायची, आल्यावर बघायची, जेवता जेवता हात खरकटा घेऊन उठून बघायची. आई रूपा ओरडायची, "अगं, ती काय पळून चाललीत?"

आणि मग पॉवरहाऊसचा डबा बिघडायला लागला. पात्यांची टोकं पिवळी पडली, मग करपल्यासारखी झाली, मग रोपं मान टाकायला लागली. विहिरीच्या डब्यातली मात्र जोमात.

ऋतिका डब्यावर वाकली. म्हणजे आजीचं खरं? पाण्यातून खरंच काही काढून घेतात? मग आत जाऊन बघायलाच हवं! तिने धावत जाऊन आजीला सांगितलं. आता आजी अख्ख्या आळीला गोळा करणार, 'सांगत नव्हते का मी' म्हणून नाचणार, अशी तिची खात्री. पण विठाबाई गप्प. तिने डब्याकडे बघितलं, तोंड फिरवलं आणि तांदूळ निवडायला बसली. जिंकलेली आजी गप्प? असं कधी झालं होतं? ऋतिकाला ते पिवळ्या पातीपेक्षा नवलाचं वाटलं.

त्याच सुमारास जयाताई बघायला आल्या. स्कूटर लावून ओटीवर चढल्या, डब्यांपाशी वाकल्या. "ऋतिका, ह्या मुंग्या?"

पॉवरहाऊसच्या डब्याच्या काठावरून मुंग्यांची रांग लागली होती. विहिरीच्या डब्याला एक मुंगी नाही.

"त्यांना करंटचं पाणी आवडत असेल काय, मॅडम?"

जयाताई हसल्या. "ते मला विचारू नकोस. मुंगी काही मिळाल्याशिवाय कुठे जात नाही एवढं मला माहीत आहे. काय मिळतंय ते तू शोध." चहा घेऊन त्या निघून गेल्या.

ऋतिका रांगेपाशी उकिडवी बसून राहिली. मुंग्या मातीत तोंड घालत होत्या. मातीवर पांढुरकी साय धरल्यासारखी झाली होती. काय मिळतंय? मुंगीला जे कळतं ते आपल्याला का कळू नये? तिने इकडेतिकडे बघितलं, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर टेकवली.

आधी खारट लागलं. मग गोड. आणि मागाहून, नाकात, संत्र्याच्या गोळीचा वास.

हा वास तिच्या ओळखीचा होता. धाकट्या भावाला, ऋतिकला, जुलाब झाले होते तेव्हा आरोग्य खात्याच्या आशाताईने मीठ-साखरेच्या पुड्या आणून दिल्या होत्या. पाण्यात कालवून चमच्याने पाजायच्या. चिंधीसारखं पडलेलं पोरगं संध्याकाळी उठून कोंबडीमागे धावायला लागलं. त्या दिवसापासून विठाबाईने उरलेल्या पुड्या देव्हाऱ्यात, अंगाऱ्याशेजारी नेऊन ठेवल्या होत्या.

ऋतिकाने देव्हाऱ्यात हात घातला. पुड्या संपल्या होत्या.

"आजे!"

विठाबाई मागच्या दारी होती. पोरीचा आवाज ऐकूनच तिला कळलं.

"तू डब्यात पुडी घातलीस?"

"घातली थोडी थोडी," विठाबाई म्हणाली. "त्या पाण्यात ताकद नाय. आज ना उद्या मरायचीच ती. तू घास टाकून उठतेस बघायला. मेली असती तर तुझं काय झालं असतं? पोरगं गळपटलं होतं ते पुडीनं उठलं. मला वाटलं, रोप पण उठंल."

"अगं, मीठ आहे त्याच्यात! मिठानं भात जगतो का कधी?"

"साखर पण हाय की."

"तू मारलीस ती! सगळं वाटोळं केलंस माझं!" ऋतिका ओरडली आणि आत जाऊन गोधडीत तोंड खुपसून रडली.

आता बघा, गंमत काय आहे. ती रोपं मरू दिली असती तर विठाबाईचाच शब्द खरा ठरायचा, निदान तिच्या हिशेबाने तरी. साऱ्या गावापुढे ती जिंकली असती. पण नातीचं तोंड उतरलेलं तिला बघवेना, म्हणून ही बाई आपल्याच शब्दाविरुद्ध चोरून पुड्या कालवत बसली. माया वेडी असते म्हणतात ते काय उगाच?

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. पुन्हा पेरून रोपं यायला वेळ नव्हता. ऋतिकाने शाळेत जाऊन प्रीतम सरांना सगळं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या शाळेचा आजवर एकदाही नंबर आला नव्हता, आणि पोरीची गेटाच्या आत जायची ओढ त्यांना ठाऊक होती.

"हे बघ," ते आवाज खाली आणून म्हणाले, "पाण्याने फक्त चाक फिरवलं. त्यातून कमी काही होत नाही. दोन्ही डबे सारखेच यायचे होते, आजी मध्ये आल्या. मग शेतातल्या राबातून चार हिरवी रोपं उपट आणि लाव. तू खोटं काय दाखवतेस? जे व्हायचं होतं तेच दाखवतेस. प्रदर्शनाला शेवटचा हात सगळेच मारतात."

राब म्हणजे लावणीआधी रोपं वाढवतात ती शेतातली वाफ्याची जागा. ऋतिका संध्याकाळी तिथे गेली. मूठभर हिरवीगार रोपं उपटली. घरी येऊन डब्यातली मेलेली रोपं काढायला बसली. एक काढलं आणि हात थांबला.

सर म्हणतात दोन्ही सारखे यायचे. येतीलही. पण ते सरांना माहीत, आपण कुठे बघितलंय? समजा नंबर आला. समजा गेट उघडलं. आत उभं राहून मशीनकडे बघायचं, आणि मनात काय म्हणायचं, की पाण्याचं काय होतं ते आपल्याला अजून ठाऊकच नाही? खोट्या उत्तराची चिठ्ठी घेऊन खऱ्या जागी जायचं? तिला स्वतःचाच राग आला. आणि पुडीचं खरं सांगून टाकावं तर साऱ्या कर्जतेत आजीचं हसं होणार. ती मूठ तशीच धरून बसून राहिली.

"ती कशाला आणलीस गं?" विठाबाई उंबऱ्यात उभी होती.

ऋतिकाने सांगितलं, सरांचं सगळं.

"आणि खरं सांगितलंस तर?"

"तर नंबर नाय. आणि लोक तुला हसतील."

विठाबाई खाली बसली. दोन दिवस आजी-नात बोलल्या नव्हत्या. "माझी चूक झाकायला तू खोटं बोलायचं? मी काय त्यासाठी तुला वाढवली? जा, ती रोपं राबात लावून ये, जीव हाय त्यांना. आणि उद्या मी येते तुझ्यासंगं. हसायचंय त्यांना माझ्या तोंडावर हसू दे."

"आजे, तू कशाला?"

"पुडी तू घातलीस का मी?"

दुसऱ्या दिवशी टेंपोत शाळेची पोरं, प्रीतम सर, दोन डबे आणि ठेवणीतलं लुगडं नेसलेली विठाबाई अशी वरात कर्जतेच्या मंगल कार्यालयात उतरली.

हॉल गच्च भरला होता. कर्जतेकडच्या शाळा एका बाजूला, खालापूरकडच्या दुसऱ्या. आणि प्रश्न काय एकेक! एका पोरीने कावळा ओरडला की पाहुणा येतो का हे महिनाभर तपासलेलं. कुंभिवलीच्या एका पोराने हायवेवरच्या गॅरेजात बसून, लिंबू-मिरची बांधलेले ट्रक कमी बंद पडतात का, हे विचारून विचारून मेकॅनिकला वैताग आणलेला. लोक ज्वालामुखीपाशी कधी थांबले नसतील इतके एकेका टेबलापाशी थांबत होते. वकीलसाहेब तर फोटो काढायचे विसरून कावळ्याच्या पोरीशी वाद घालत होते.

हरेशशेठ आणि परीक्षक म्हणून बोलावलेल्या निवृत्त बाई ऋतिकाच्या टेबलापाशी आल्या. जयाताई मागे उभ्या.

"एक डबा हिरवा, एक मेलेला," बाई म्हणाल्या. "म्हणजे पाण्यात ताकद नसते?"

ऋतिकाने मान हलवली. "नाही बाई. म्हणजे, माहीत नाही. फरक फक्त पाण्याचा राहिला नाही. दुसऱ्यात जुलाबाची पुडी पडली."

"पडली नाय, मी घातली!" विठाबाई मागून म्हणाली. आणि तिने सांगितलं, सगळं, खणखणीत आवाजात, नातवाच्या जुलाबापासून मुंग्यांपर्यंत. ऐकायला गर्दी जमली. पोरं खदखदा हसली. मोठी माणसंही हसली. विठाबाईचे कान लाल झाले, पण ती एक शब्द गाळेना. प्रीतम सर खाली बघत होते. मग ते पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बाई, मी तिला रोपं बदलायला सांगितली होती. तिने नाही बदलली." हसणं थोडं कमी झालं.

परीक्षक बाई चांगल्या होत्या, पण सरळ होत्या. "मुली, तू खरं बोललीस, मला आवडलं. पण करून बघायचं होतं ते अजून झालेलं नाही. नंबर मला देता येणार नाही."

"हो बाई," ऋतिका म्हणाली. तिचे डोळे भरले. आपल्याला हे आधीच ठाऊक होतं, तरी इतकं का लागलं, हे तिला कळेना. गेट, पाइप, आतलं ते मशीन, सगळं गेलं.

कार्यक्रम संपला. ट्रकवाल्या पोराचा पहिला नंबर आला. क्लब त्याला ट्रक बनतात त्या कारखान्यात नेणार होता. टाळ्या झाल्या, बॅनर उतरवायला माणूस शिडीवर चढला. तेव्हा विठाबाई उठली आणि थेट हरेशशेठपुढे जाऊन उभी राहिली.

"शेठ, तुमी क्लबातले मोठे ना? मग हे काय? पोरीचा प्रश्न अजून उभाच हाय आणि तुमी बॅनर गुंडाळून निघालात! भात काय तुमच्या तारखा बघून उगवतो?"

"आजे, गप गं," ऋतिकाने तिचा पदर ओढला.

हरेशशेठ शिडीकडे बघत राहिले. क्लबाची रीतच ती. कार्यक्रम झाला, बॅनर उतरलं, विषय संपला. पण त्या माणसाची खोड कुठे जाणार?

"आजी," ते म्हणाले, "एक विचारू? पुडीचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं, त्या पाण्यात ताकद असते की नसते?"

माणसं थांबली. विठाबाईने तोंड उघडलं, सवयीने, उत्तर जिभेवर तयार होतं. आणि ते तिथेच राहिलं. तिने त्या करपलेल्या रोपांकडे बघितलं, नातीकडे बघितलं.

"मला ठाव नाय," विठाबाई म्हणाली.

ऋतिकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने आजीचा हात घट्ट धरला. आता तिला खरंच रडू आलं, आणि हे रडू गोधडीतल्यासारखं नव्हतं.

"मलापण नाही," हरेशशेठ म्हणाले. "जयाताई, ही शाळा तुमची. प्रश्न मिटेपर्यंत तुम्ही जात राहा. बाकीच्यांचेही अर्धवट राहिलेत ते चालू ठेवा. आणि मुली, उत्तर घेऊन ये. कसलंही असो. परवानगी तेव्हा काढू, प्रदर्शन असो नसो." वकील म्हणाले, ठरावात हे बसत नाही. हरेशशेठ म्हणाले, "का?"

परतीच्या टेंपोत पोरं गाणी म्हणत होती. दोन डबे ऋतिकाच्या मांडीवर होते. भिवपुरी जवळ आली तशी विठाबाई डोंगरावरच्या पाइपांकडे मान वळवून बघायला लागली. जन्मभर त्यांच्या खाली राहिली, पण असं टक लावून तिने कधी बघितलं नसेल.

"काय गं, पाणी तर तसंच खाली येतंय," ती म्हणाली. "मग ती वीज निघते कुठून?"

"ठाव नाय, आजे. आत गेल्याशिवाय नाय कळायचं."

"आत जाईपर्यंत मी राह्यले पाह्यजे ना," विठाबाई म्हणाली आणि टेंपोच्या पत्र्यावर जोरात थाप मारली. "ए ड्रायवर, हाक रं जरा जोरात! अंधार पडायच्या आत भात पेरायचाय आमाला."